फटमास्तर आणि दुहेरी काचा

...तर मोठे साहेब फटमास्तरला म्हणाले, "या खिडक्या काढून टाका."

फटमास्तरच्या हातातला चहा हातातच राहिला. पंधराच दिवस झाले होते त्या बसवून. सतरा खिडक्या, सगळ्या दुहेरी काचेच्या, आणि एकीच्याही कडेला केस जाईल एवढी फट नाही. कचेरी भर चौकात, चारी बाजूंनी भोंगे. पूर्वी तिथली माणसं एकमेकांशी बोलत नसत, एकमेकांना हाका मारत.

"साहेब, वारा येतो का कुठून?"

"नाही."

"धूळ?"

"टेबलावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ निघतं."

"थंडाव्याचं यंत्र?"

"दुपारीच बंद करावं लागतं. हुडहुडी भरते."

"मग भोंगे ऐकू येतात का?"

"भोंगे ऐकू येत नाहीत, तीच तर पंचाईत झालीय!" साहेब उठले, दार लावून आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला आता बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं."

झालं होतं असं, की बाहेरच्या खोलीतला हेडक्लार्क पंधरा वर्षं साहेबांविषयी मनाला येईल ते बोलत आला होता आणि चौकातले भोंगे ते इमानेइतबारे झाकत आले होते. खिडक्या बसल्या, चौक गप्प झाला, पण हेडक्लार्कचा आवाज होता त्याच पट्टीत राहिला. दोन आठवड्यांत साहेबांना आपली तीन टोपणनावं कळली, आणि त्यातलं सर्वांत वाईट कोणी ठेवलं तेही कळलं.

फटमास्तरने डोकं खाजवलं. "साहेब, खिडक्या नका काढू. एकतर मधली भिंत जाड करा, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाही, भिंतच जाड करा."

साहेबांनी भिंत जाड केली. आणि तेव्हापासून फटमास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला हा किस्सा रंगवून सांगायला लागला. "बाहेरचा आवाज गेला की घरातला वर येतो. आधीच सांगून ठेवतोय, मागाहून माझ्याकडे यायचं नाही." गिऱ्हाइकं हसायची. तोही हसायचा. दुसऱ्यांच्या घरांविषयी बोलताना त्याला हसू फार लवकर यायचं.

हा माणूस दिसायला कसा, तर ठेंगणा, रुंद खांद्यांचा, आणि चालताना दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. जन्मभर काचा वाहिल्या की हात असेच राहतात, मोकळे असले तरी काहीतरी धरल्यासारखे. खिडकी बसवून झाली की हा उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि हाताची पाठ चौकटीच्या कडेने फिरवायचा. ओल्या कातडीला वारा लगेच कळतो. मग कागदाची पट्टी झडपेत धरून झडप लावायची आणि पट्टी ओढायची. पट्टी सुटून आली की काम फुकट. फाटली की काम पक्कं. "फट राहिली की सगळं फुकट," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावरून काचेच्या कारखान्यातल्या लोकांनी त्याला फटमास्तर केला. पुढे घरची माणसंसुद्धा तेच म्हणायला लागली, आणि त्याचं खरं नाव फक्त कागदावर उरलं.

त्याची बायको म्हणायची, "यांच्याकडे कोणी पाहुणा आला, तर आधी त्याच्यामागे दार नीट लागलं का ते बघतात, मग या म्हणतात."

दुहेरी काचेवर बोलायला लागला की थांबायचा नाही. दोन काचा, मध्ये बोटभर जागा, कडेने पोकळ पट्टी, पट्टीत ओल शोषणारे बारीक दाणे, आणि सगळं चहूबाजूंनी बंद. "हवा फिरते तोवर चोर असते," तो सांगायचा, "ऊन आणते, गारठा आणते, आवाज आणते. तिला दोन काचांत कोंडली की तीच राखण करते." उन्हाळ्यात खोली तापत नाही, थंडीत काचेवरून पाणी ओघळत नाही, कपाटातल्या कागदांना बुरशी धरत नाही, तान्हं मूल दुपारी तीन तास झोपतं. असं सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा, की समोरच्याला वाटावं, हवेचा शोधच यानं लावलाय.

आणि याच्या स्वतःच्या घराला मात्र एकेरी काचांची, खुळखुळणारी, जुनी तावदानं होती.

घर होतं चढाच्या रस्त्यावर. मालाने भरलेले ट्रक खालून यायचे आणि नेमके याच्या दारासमोर गिअर बदलायचे. ट्रक आला की घरातला बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यात थांबवायचा, ट्रक गेला की तिथूनच पुढे चालू. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सगळ्यांनाच विसराळूपणाचा रोग आहे. शिवाय सगळ्यांचे आवाज मोठे. मीठ मागायचं तरी आरोळी ठोकायची.

घराचे दोन भाग होते. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा मधोमध फळ्यांची भिंत उभी केली. अलीकडे फटमास्तर, त्याची बायको आणि म्हातारी आई. पलीकडे धाकटा आणि धाकटी जाऊ. धाकटा शाळेत शिक्षक, गोड बोलणारा, नकला करणारा, आल्या-गेल्याला हसवणारा. त्या वेळी आईला विचारलं होतं, कुणाकडे राहणार? आई म्हणाली होती, "थोरल्याकडे." त्या एका शब्दावर फटमास्तर एकवीस वर्षं जगला म्हटलं तरी चालेल. कारखान्यात कोणी चिडवलं, मालकाने चारचौघांत झापलं, की हा मनाशी म्हणायचा, असू दे, आईने मला निवडलंय.

आई ऐंशीला आली आणि तिची झोप गेली. तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीखाली. गिअर बदलला की म्हातारी दचकून उठायची. सकाळी डोळे लाल, हात थरथरता. डॉक्टर म्हणाले, औषधं पुरे झाली, हिला शांतता द्या.

शांतता तर याचा धंदाच होता! पण नव्या काचा आणणं याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्याने दुसरा रस्ता धरला. कारखान्यात कधीमधी चुकीच्या मापाची काच तयार व्हायची. कोणीतरी बोटभर चुकीचं माप लिहून आणायचं, आणि दुहेरी काच एकदा बंद झाली की कापता येत नाही, लहान करता येत नाही, मोठी तर नाहीच नाही. अशा काचा मागच्या अंगणात भिंतीला टेकून पडायच्या. मालक म्हणायचा, ने तुला हवी तर. फटमास्तर टेप घेऊन त्या कोपऱ्यात जायचा आणि स्वतःच्या खिडकीच्या जवळपास येणारी काच शोधायचा. एक काच मिळायला कधी आठ महिने, कधी दोन वर्षं.

शेवटी पुरेशा काचा जमल्या. पण एकही धड बसेना. मग काच कापता येत नाही म्हणून त्याने भिंत कापली. एक खिडकी चार बोटं रुंद केली, दुसरी वीतभर खाली उतरवली, तिसरीला विटांनी लहान केलं. बाहेरून घर असं दिसायला लागलं, जसं काही एका माणसाचे तीन डोळे तीन जणांकडून आणलेत. धाकट्याने रस्त्यावर उभं राहून बघितलं आणि हसून लोटपोट झाला. "दादा, अरे खिडक्या बसवल्यास की खिडक्यांना घर बसवलंस?"

पण शेवटची झडप लागली, आणि ट्रक गेला. तो दिसला, चढावर धूर सोडताना दिसला, पण आवाज म्हणाल तर शेजारच्या खोलीत कोणी पाटी सरकवल्यासारखा. आईने खिडकीकडे बघितलं, मग थोरल्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं झालं हो." त्या दिवशी ती दुपारी जेवून आडवी झाली ती दिवेलागणीला उठली. फटमास्तर खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिला. कारखान्यात गेला नाही. बायको म्हणाली, "अहो, झोपलेल्या माणसात काय बघायचंय एवढं?" त्याला त्या घोरण्यात काहीतरी फार मोलाचं ऐकू येत होतं.

ठरलं असं, की आता धाकट्याच्या बाजूच्या दोन खिडक्या करायच्या. त्यांच्यापुरत्या काचाही मिळाल्या होत्या. चौकटी तयार करून त्याने भिंतीला उभ्या केल्या.

आणि मग तो रविवार उजाडला.

आई दुपारची पलीकडे जाऊन बसायची, धाकट्याकडे. नेहमीचंच होतं. फटमास्तर अलीकडे रबराच्या पट्ट्या कापत बसला होता, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांच्या बाजूला सगळं शांत. पलीकडे मात्र अजून जुनी तावदानं, सगळे ट्रक घरात, त्यामुळे तिकडची माणसं नेहमीसारखीच ट्रकवर आवाज चढवून बोलत होती. एकवीस वर्षं दोन्हीकडून सारखाच गोंधळ होता, म्हणून फळीपलीकडचं कधी कोणाला ऐकू आलंच नाही. आता एकच बाजू गप्प झाली होती.

"फट राहिली की सगळं फुकट!" धाकट्या जावेचा आवाज आला, जाड, नाकातून काढलेला. हुबेहूब फटमास्तर. मग हसण्याचा गदारोळ.

फटमास्तरही हसला. बायकोकडे बघून म्हणाला, "छान काढते की नक्कल."

बायको हसली नाही. तिने बोट ओठावर ठेवलं.

आईचा आवाज आला. "हसा तुम्ही. मला दिवसभर तेच ऐकावं लागतं. बोलतो का कधी धड? ये, बस, काय झालं, काही नाही. नुसता तपासत असतो. माझी उशी तपासतो, गोळ्या मोजतो, पांघरूण चारी बाजूंनी दाबतो. मी काय चौकट आहे? त्या दिवशी झोपेतून उठले तर हा समोर स्टुलावर. घाबरलेच मी."

"मग इकडे ये ना आई," धाकटा म्हणाला.

"कधीच आले असते रे. त्या वेळी त्याच्याकडे राहते म्हटलं, ते त्याला वाईट वाटेल म्हणून. तुला कोणीही विचारतं, त्याला कोण विचारतो? एकवीस वर्षं काढली. आता राहिलेत ते दिवस तरी हसून काढू दे."

ट्रक आला असावा, कारण बोलणं तुटलं. मग धाकट्याचा आवाज, जरा घाईने: "थोडी कळ काढ. आधी आमच्या खिडक्या होऊ देत, मग ये. आत्ता काढलास विषय तर दादा रुसून बसेल, आणि मग खिडक्या कोण बसवणार?"

फटमास्तरच्या हातातली रबराची पट्टी लांबच लांब कापली गेली.

बायको उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "ऐकलंत?"

"हूं."

"हूं काय? मी सांगते ते आता ऐका. त्या चौकटी तिथेच राहू देत. बसवायच्या नाहीत. खिडक्या झाल्या की आई जाणार. नाही झाल्या तर कुठे जातील? त्या गोंगाटात त्यांना डोळा लागणार आहे? इथेच राहतील. तुमच्या हातात आहे सगळं."

"हळू बोल," तो म्हणाला.

"का हळू बोलू? तिकडे काही जात नाही. त्यांच्याकडे ट्रक आहेत अजून!"

ते खरंच होतं. फटमास्तर दीड महिना त्या चौकटींना शिवला नाही. धाकटा रोज गोड हसून विचारायचा, "काय दादा, आमचा नंबर कधी?" हा सांगायचा, रबर आलं नाही. मग म्हणाला, कर्णाचं माप जुळत नाही. मग म्हणाला, भिंतीला ओल आहे, सुकू दे. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कामात खोटं बोलत होता, आणि इतकं वाईट बोलत होता, की धाकट्याच्या बायकोने त्याचीही नक्कल बसवली. तीही त्याने ऐकली.

आईशी मात्र तो बोलायला लागला. म्हणजे प्रयत्न करायला लागला. स्टूल ओढून बसायचा आणि म्हणायचा, "काय मग?" आई म्हणायची, "काय?" तो म्हणायचा, "काही नाही." एकदा त्याने साहेबांचा आणि हेडक्लार्कचा किस्सा सांगायला घेतला. मध्यावर आला, घरातला आवाज वर येतो तिथवर, आणि थांबला. आईने वाट बघितली. "पुढे?" "पुढे काही नाही. भिंत जाड केली." आई भिंतीकडे तोंड करून झोपली. पांघरूण एका बाजूने सुटलं होतं. त्याचा हात पुढे गेला आणि मागे आला. ते त्याने तसंच राहू दिलं. त्यासाठी त्याला किती जोर लावावा लागला असेल, ते त्यालाच ठाऊक.

मग एका आठवड्यात सुट्ट्या लागल्या. धाकट्याने हट्ट धरला, आई दोन दिवस आमच्याकडे राहू दे, गंमत म्हणून. फटमास्तर नाही कसं म्हणणार? आई गेली. पलीकडून दिवसभर हसण्याचे आवाज आले. आई हसत होती. तिचं ते हसू, खोकल्यात जाऊन संपणारं, त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊ दे, दोन दिवसांनी येतील रडत." तसंच झालं. तिसऱ्या सकाळी आई परत आली ती डोळे लाल, हात थरथरता. चहाचा कप धरवेना. खाटेवर पडली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "तिकडे पापणीला पापणी लागत नाही रे." आणि लगेच झोपली.

बायकोने त्याच्याकडे विजयाने बघितलं. "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

तो त्या थरथरत्या हाताकडे बघत होता. झोपेतही हात थांबला नव्हता. मग तो उठला, टेप घेतला, पेन्सिल कानावर खोचली, एक चौकट खांद्यावर घेतली आणि पलीकडे गेला.

बायको दारात आडवी आली. "अहो, तुम्हाला कळतंय का काय करताय?"

"सरक. कोपरा लागेल."

दोन दिवसांत दोन्ही खिडक्या झाल्या. भिंत तीन ठिकाणी उभी मापली, तीन ठिकाणी आडवी, कर्ण दोनदा. स्वतःच्या घराला लावलं नव्हतं तेवढं चांगलं रबर तिथे लावलं. धाकटा काच धरायला उभा होता आणि सारखा बडबडत होता, "दादा, तू नसतास तर आमचं काय झालं असतं!" फटमास्तरने ओला हात कडेने फिरवला, पट्टी ओढली, पट्टी फाटली. "झालं," म्हणाला, आणि अवजारं गोळा करून निघाला. चहालाही थांबला नाही.

आठच दिवसांनी धाकट्याने विषय काढला. फार सुंदर बोलला. तूही थकलास दादा, वहिनीही थकल्या, आम्हालाही आईची सेवा करू दे. आई जमिनीकडे बघत होती. फटमास्तर म्हणाला, "बरं." आणि खाटेची एक बाजू त्यानेच उचलली.

आता गंमत बघा. खिडक्या झाल्याने धाकट्याची बाजूही गप्प झाली होती, पण फटमास्तरच्या बायकोचा आवाज जन्मभराच्या सवयीने होता तेवढाच होता. पुढच्या रविवारी सकाळी फटमास्तर खाट काढलेल्या जागी स्टूल टाकून बसला होता, आणि ती आतून भांडी आपटत ट्रकवर आवाज चढवावा तशी बोलत होती, फक्त ट्रक नव्हता.

"बसा तिथे! बघत बसा रिकाम्या फरशीकडे! 'आधी आमच्या खिडक्या होऊ देत, मग ये', हे या कानांनी ऐकलंत ना? नकला ऐकल्यात, आईंचं बोलणं ऐकलंत, सगळं ऐकलंत! आणि तरी गेलात चौकटी खांद्यावर घेऊन त्यांच्या घरी! असा माणूस जगात दुसरा नसेल!"

फटमास्तर हात हलवून तिला गप्प करत होता. पण फळीपलीकडचं बोलणं आधीच थांबलं होतं. खुर्ची सरकली. दार वाजलं. धाकटा आत आला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. नेहमीचं हसू कुठे तरी राहिलं होतं.

"दादा, वहिनी म्हणाल्या ते... तू ऐकलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"आमच्या खिडक्या झाल्या त्याच्या दुसऱ्या रविवारी."

"म्हणजे आमच्या बसवायच्या आधी?" धाकट्याचा चेहरा उतरला. "अरे, मग माझ्या तोंडात एक मारायची होतीस. चार शिव्या घालायच्या होत्यास. सगळं ऐकूनसुद्धा आमच्या खिडक्या का बसवल्यास तू?"

फटमास्तर स्टुलावरून उठला नाही. त्याने धाकट्याकडे बघितलं, आणि जे म्हणाला ते जसंच्या तसं हे:

"तुझ्यासाठी मी एक खिळासुद्धा ठोकला नसता. आई तिकडे राहायला जाणार होती. तिला झोप लागायला हवी. लागते ना?"